मीटरताई आणि दुसरा पुरावा

मीटरताईंना खुर्ची चावते, असं आमच्या मंडळात सगळे म्हणतात. पहिल्यांदा म्हणालो मी, तेव्हा श्रेय माझं. शनिवारी दहाला मंडळ उघडतं आणि पावणेदहापासून बाई जिन्यात येरझाऱ्या घालत असतात. मी खिशातून किल्ली काढेपर्यंत तीनदा विचारतात, "सापडली का?" अहो, सापडल्याशिवाय उघडणार कशाने? आत शिरल्या की खिडक्या उघड, पंखा लाव, कार्डांच्या खणांवरची धूळ झटक, आणि हे सगळं होईतो तोंडाचा पट्टा चालूच. चहा उभ्याने. बिस्कीट चालता चालता. सहा वर्षांत मी त्यांना धड बसलेलं एकदाच पाहिलं, आणि तेच आम्हाला महागात पडलं.

मंडळ म्हणजे आमचं वंशावळ मंडळ. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ वर येते, त्यामुळे आमचे कागद कायम थोडे दमट आणि थोडे कोमट. आमच्याकडे काय आहे म्हणाल, तर जुन्या शाळांची प्रवेश-रजिस्टरं, चाळीस वर्षांच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, मतदार याद्या, टेलिफोनच्या जाडजूड डिरेक्टऱ्या आणि एक फिल्म वाचायचं मशीन, जे थोबाडीत मारल्याशिवाय चालत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी व्याख्यान असतं. त्याला आठ माणसं येतात, त्यातला एक झोपतो. तो आमचा अध्यक्ष. दातांचा डॉक्टर होता, आता निवृत्त आहे; आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवली, आता स्वतःचं उघडं ठेवून घोरतो. मी सेक्रेटरी. शाळेत छत्तीस वर्षं क्लार्क होतो. माझ्या नाकावर राग असतो असं आमची ही म्हणते. तिचं बरोबर आहे.

लोक कशाला येतात? कुणाला पणजोबा हवा असतो, कुणाला आजीचं माहेर. एक जण आला होता, त्याला आपल्या घराण्यात सरदार हवा होता. आम्ही तीन महिने खपून त्याला चार पिढ्यांचे न्हावी काढून दिले. तो परत फिरकला नाही. पण चांगली माणसंही येतात, आणि एखाद्या म्हातारीला तिच्या आईचं शाळेतलं नाव दाखवलं की ती त्या ओळीवरून बोट फिरवत राहते. तेव्हा वाटतं, छत्तीस वर्षं ठोकळ्यासारखा क्लार्क झालो ते फुकट गेलं नाही.

आता नियम सांगतो, कारण घोडं तिथंच अडलं. आमच्याकडे प्रत्येक माणसाचं एक कार्ड. माणूस जिवंत असेल तर कार्ड पिवळं, कुलपाच्या कपाटात. परक्याला दाखवायचं नाही. माणूस गेला की कार्ड पांढरं, उघड्या खणात, आपल्या घराण्याच्या पाकिटात. कुणीही यावं, बघावं. पिवळ्याचं पांढरं करायचं तर दोन पुरावे लागतात. एक वर्तमानपत्रातला असेल तर दुसरा सरकारी हवा. खाली नोंद करणाऱ्याची सही आणि बाजूला सेक्रेटरीची. हा नियम माझ्या आधीच्या लोकांनी केला, कारण त्यांनी एकदा आपल्या पत्रकात एका निवृत्त हेडमास्तरांना श्रद्धांजली वाहिली आणि ते पत्रक हातात धरून मास्तर स्वतः जिना चढून आले. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मी एकोणीस वर्षं फुंकतोय.

अजून एक पद्धत. कार्ड बघायला घेतलं की वाचकाने गुलाबी चिठ्ठी भरायची. नाव, पत्ता, कशासाठी बघितलं. कार्ड जागेवर गेलं की चिठ्ठी त्या घराण्याच्या पाकिटात जाते आणि तिथंच राहते. कुणी म्हणेल, ही कसली अडगळ. मीही म्हणायचो.

मीटरताई आल्या त्या साठाव्या वर्षी, निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात. एकतीस वर्षं त्यांनी विजेचे मीटर वाचले होते. शहरातली अशी गल्ली नाही, असा जिना नाही, जो त्यांना माहीत नाही. दारात उभं राहून "मीटर!" अशी हाक द्यायची, आत जायचं, आकडा लिहायचा, बाहेर. हाक अशी की त्यांनी मंडळात देऊन दाखवली तर खालच्या लाँड्रीतला माणूस इस्त्री उचलायचा. घरात कधी चप्पल काढायची नाही, ही त्यांची शिस्त. "चप्पल काढली की बाई पाणी विचारते, मग बसावं लागतं, मग पुढची चाळीस घरं राहतात." पायाला भिंगरी म्हणतात ती हीच.

मी एकदा विचारलं, "एवढी घाई कसली हो तुम्हाला? कुणी मागं लागलंय का?"

त्या फिल्मच्या मशीनला थोबाडीत देत होत्या. थांबल्या. म्हणाल्या, "मागं नाही. पुढं आहे." आणि मग खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी अशा फेऱ्या मारत त्यांनी मला सांगितलं.

त्यांना एक थोरली बहीण होती. अक्का. आठ वर्षांनी मोठी. मीटरताईंना अक्षर गिरवायला अक्कानेच शिकवलं, केस तिनेच विंचरले, आईला वेळ नसे. अक्काला दुसऱ्या शहरात नर्सिंग शिकायला जायचं होतं. वडील म्हणाले, उंबरा ओलांडलास तर मेलीस आम्हाला. अक्का वीस वर्षांची, वडिलांच्याच वळणाची. तिने ट्रंक भरली. निघताना धाकटीच्या कानात म्हणाली, "आई-बाबा नको म्हणाले तर नको. पण तू ये गं मला पोचवायला. कोपऱ्यावर थांबते. चप्पल घाल आणि खाली ये."

"मी एक चप्पल घातली," मीटरताई म्हणाल्या, "आणि दारात बाबा उभे राहिले. काही बोलले नाहीत. नुसते उभे राहिले. मी एका पायात चप्पल घालून तशीच उभी. खिडकीतून कोपरा दिसायचा. एक बस गेली, ती चढली नाही. दुसरी गेली, चढली नाही. सारखी आमच्या जिन्याकडे बघत होती. तिसरीत चढली."

पुढे पत्रं आली असतील तर वडिलांनी परत पाठवली. वर्षभरात त्यांनी घर बदललं. घरात अक्काचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. ठरवलं कुणी ते सांगायला नको. मीटर वाचायची नोकरी मीटरताईंनी घेतली ती एवढ्यासाठीच. घरोघर जायला मिळतं. नर्स बदलून कुठंही येते, आपल्याही शहरात येईल, एखादं दार उघडेल आणि आत अक्का असेल. एकतीस वर्षं त्यांनी प्रत्येक दारातल्या चपला बघितल्या. निवृत्त झाल्या, दारं बंद झाली, म्हणून कागदांकडे आल्या.

आणि खरं सांगतो, असा कामाचा माणूस मंडळाला दुसरा मिळाला नाही. दुसऱ्यांची नाती त्या वाऱ्यासारख्या शोधून काढायच्या. गठ्ठे उपसायच्या, मतदार याद्या पाठ करायच्या. लोक आभार मानायला बसायचे तर या दुसऱ्याच टेबलाशी. मी ओरडायचो, "अहो, लिहा तरी काय सापडलं ते!" तर म्हणायच्या, "सापडलं ना? मग झालं. पुढं."

चार वर्षांपूर्वी एका शनिवारी त्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा चाळत होत्या. नऊ वर्षांपूर्वीचा. दुपारी माझ्या लक्षात आलं की खोलीत आवाज नाही. बघतो तर बाई खुर्चीत बसलेल्या. दोन्ही पाय जमिनीवर, हात मांडीवर. पुढ्यात निधनाची चार ओळींची बातमी. निवृत्त नर्स, नाव तेच, माहेरचं आडनावही तेच, वय जुळत होतं. दवाखान्यातल्या सहकाऱ्यांनी दिलेली. नातेवाईक म्हणून कुणाचंच नाव नव्हतं.

"तिचं कुणी नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातल्या लोकांनी दिली बातमी."

मी म्हणालो, वडिलांचं नाव नाही छापलेलं, आपण त्या गावाहून मृत्यूचा दाखला मागवू, सहा आठवडे लागतील.

"सहा आठवडे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पन्नास वर्षं झाली. आता सहा आठवड्यांत काय बदलणार आहे? मला ते कार्ड द्या, सेक्रेटरी. आत्ता द्या. मला संपवू दे."

मी कार्ड दिलं. पांढरं. त्यांनी त्यांच्या त्या नीटस गोल अक्षरात लिहिलं, सही केली. मी बाजूला माझी केली. एकोणीस वर्षांत एकदा मी एका पुराव्यावर सही केली, आणि का केली तेही सांगतो. ती बाई बसली होती. मला वाटलं, सुटली बिचारी. आता तिचा जीव थाऱ्यावर येईल, तर मी कोण नियमावर बोट ठेवणारा?

जीव कसला थाऱ्यावर येतोय! महिनाभर गप्प होत्या, मग भिंगरी दुप्पट. आता तर कुठं जायचंय हेही उरलं नव्हतं, नुसतंच जात राहायचं. पण आपल्या घराण्याच्या पाकिटाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. त्या खणापाशी आल्या की पावलं आणखी भरभर पडायची.

गेल्या महिन्यात आम्ही सगळी कार्डं स्कॅन करायला घेतली. एकेक पाकीट रिकामं करायचं, कार्ड, चिठ्ठ्या, सगळं मशीनखाली ठेवायचं, परत भरायचं. मीटरताईंचा हात झपाझप चालत होता, मी संगणकाशी बसून नोंद करत होतो. साडेअकरा झाले असतील. मला हाक आली नाही, किंकाळीही नाही. नुसतं पाकीट जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

"सेक्रेटरी. हे काय आहे?"

त्यांच्या एका हातात पांढरं कार्ड, दुसऱ्या हातात गुलाबी चिठ्ठी. दोन्ही त्यांनी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. कार्डावरचं अक्षर त्यांचं होतं, मी ओळखत होतो. चिठ्ठीवरचंही त्यांचंच. तसंच गोल, तसंच सुटं सुटं, शब्दाच्या शेवटी तसाच छोटा फराटा.

"मग काय? तुम्हीच भरली असेल कधीतरी," मी म्हणालो.

"मी नाही भरली." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मला हे अक्षर शिकवलं कुणी?"

तारीख तीन वर्षांपूर्वीची, वार गुरुवार. म्हणजे कार्ड पांढरं झाल्यानंतर वर्षाने. नावाच्या जागी कुठल्याशा सासरच्या आडनावाची सही, पत्ता अडीच तासांवरच्या एका गावाचा. 'कशासाठी' या रकान्यात एकच शब्द: दुरुस्ती. आणि सगळ्यात खाली, लाल शाईत, माझ्या हाताने लिहिलेलं: 'दोन पुरावे मागितले. वाचक पुन्हा आले नाहीत.'

मला ती बाई आठवली. लख्ख आठवली.

गुरुवारी मंडळात मी एकटाच असतो. उंच, सडपातळ, दोरीचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाली, अमुक घराण्याचं पाकीट बघायचंय. मी दिलं. तिने कार्ड बाहेर काढलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "यात चूक आहे. ही बाई गेलेली नाही."

मी म्हणालो, "पुरावा?"

"मी सांगते ना."

"आपलं त्यांच्याशी नातं?"

"जवळचं आहे."

"बाई, जवळचं म्हणजे काय? आत्या, मावशी, काकू, काहीतरी असेल ना? आमच्याकडे असं तोंडी चालत नाही. दोन पुरावे आणा, एक सरकारी हवा, मग बघू."

ती हसली. मला वाटलं माझ्यावरच हसतेय, आणि माझं डोकं तडकलं. तिने विचारलं, "गेल्याचे किती पुरावे घेतले होते?"

मी म्हणालो, "नियमाप्रमाणे दोन."

मग तिने कार्डावर बोट ठेवलं. "हे अक्षर कुणाचं?"

"आमच्या सभासद आहेत. त्याच घराण्यातल्या. त्यांनी स्वतः नोंद केली आहे, म्हणजे काही पाहूनच केली असेल की नाही? शनिवारी असतात, हवं तर त्यांनाच विचारा."

तिने चिठ्ठी भरली, पत्ता अगदी सावकाश लिहिला, आणि गेली. मी मनात म्हणालो, काय एकेक लोक येतात.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. माझ्यासमोर सबंध बाई उभी होती, बोलत होती, हसत होती, आणि मी तिच्याकडे ती जिवंत असल्याचा सरकारी कागद मागितला. मला माझी लाज वाटली. अजून वाटते. छत्तीस वर्षांत कुणी मला क्लार्कडा म्हणालं की मी भांडायचो. त्या दिवशी कुणी म्हटलं असतं तर मान खाली घालून ऐकलं असतं.

मीटरताईंनी ऐकून घेतलं. मग त्या खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. "बाबांनी तिला तोंडाने मारलं," म्हणाल्या, "आणि मी शाईने. आणि ते तिने वाचलं. माझ्याच अक्षरात." मग पिशवी उचलली. "निघते मी."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? पत्ता आहे ना!"

"अहो, तीन वर्षांपूर्वीचा पत्ता आहे. आधी पत्र टाकू, विचारू—"

"पत्र?" त्या माझ्यावर खेकसल्या. "चोपन्न वर्षं झाली, सेक्रेटरी, आता पोस्टमनची वाट बघू? ती चौऱ्याहत्तरची आहे! असली तर! तुमच्या सहा आठवड्यांत ती खरंच पांढरी झाली तर?"

मी चष्मा डब्यात घातला आणि त्यांच्यामागून जिना उतरलो. एकोणीस वर्षांत शनिवारी मंडळ पहिल्यांदा बंद केलं. जिन्यात अध्यक्ष भेटले, बरोबर दोन पाहुणे, पणजोबांच्या शोधातले. "अहो, चाललात कुठं?" मी किल्ली त्यांच्या हातात कोंबली आणि म्हणालो, "मशीन चाललं नाही तर थोबाडीत द्या."

बस अर्धी रिकामी होती. मीटरताई दांडीला धरून उभ्या. कंडक्टर दोनदा म्हणाला, बसा बाई, जागा आहे. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. दर थांब्याला त्या वाकून बाहेर बघायच्या आणि बस सुटायला वेळ लागला की पायाने ताल धरायच्या.

"ती काय म्हणाली ते परत सांगा."

मी सांगितलं.

"तुम्ही तिला सांगितलंत ना, मी शनिवारी असते?"

"सांगितलं."

"मग शनिवारी का नाही आली?" त्या बाहेर बघत म्हणाल्या, "तिला यायचंच नव्हतं. माझं तोंड बघायचं नव्हतं. मी तरी कुठं गेले होते कोपऱ्यावर? परत सांगा, काय काय बोलली."

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझ्याच्याने राहवलं नाही. "मीटरताई, मी तिला खोटं सांगितलं. दोन पुरावे होते म्हणालो. तुमची बाजू सांभाळायला म्हणालो, आणि माझीही. एकच होता."

बस एका पुलावरून गेली. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तिला वाटलं असेल, हिने नीट चौकशी केली. दोन दोन कागद मिळवले. आपल्याला मारायला एवढा खटाटोप केला."

"मी त्यांच्या पाया पडून माफी मागीन."

"तुम्ही गप्प बसा हो जरा," त्या म्हणाल्या. रागाने नाही. पण मी बसलो गप्प, थेट ते गाव येईपर्यंत.

पत्ता सापडायला वेळ लागला नाही. मीटर वाचणाऱ्या बाईला कुठल्याही गावात पत्ता सापडतो, हे मला त्या दिवशी कळलं. स्टँडवरून तीन गल्ल्या सोडून चौथ्या गल्लीत तीन मजल्यांची इमारत. खाली सायकली, एक कुलूप घातलेली बाबागाडी, आणि जिन्याखाली लाकडी फळीवर ओळीने मीटर. मी नावांच्या पाट्या शोधायला लागलो. मीटरताई सरळ मीटरांपाशी गेल्या. चष्मा कपाळावर चढवला, पत्त्यातल्या नऊ नंबरसमोर वाकल्या.

"चालू आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हा लाल दिवा बघा. लुकलुकतोय. फ्रिज आहे, आणि पंखा. पंखा कुणी रिकाम्या घरात लावून जात नाही. आत माणूस आहे."

"पण कोण ते—"

"हो हो, एक पुरावा झाला," त्या म्हणाल्या. "मला शिकवू नका." आणि तिथंच उभ्या राहिल्या. जी बाई साठ घरांचे जिने दिवसाला चढायची, तिचं पाऊल पहिल्या पायरीवर पडेना. मी म्हटलं, मी वर जाऊन येऊ का आधी? मान हलवली. पदराने तोंड पुसलं. मग एकदम धावत सुटल्यासारख्या चढल्या; तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला धाप लागली.

नऊ नंबरचं दार बंद होतं. बाहेर चपलांचा एकच जोड, बायकी, झिजलेला, नीट शेजारी शेजारी ठेवलेला. मीटरताई त्याच्याकडे बघत राहिल्या. बेल होती, वाजवली नाही. तोंड उघडलं. मला दिसत होतं, ओठ 'अक्का' म्हणायला वळत होते. आवाज फुटला तो मात्र एकतीस वर्षांच्या सवयीने फुटला, सगळा जिना दणाणला:

"मीटर!"

आतून उत्तर आलं. खणखणीत. "मीटर खाली आहे! वर काय बघताय?"

मीटरताईंनी दाराची चौकट धरली. आता बोला की, मी खुणेने म्हणालो. त्या हलेनात. मग अगदी हळू, नेहमीच्या आवाजाच्या चौथाईत म्हणाल्या, "बघितलं. चालू आहे."

आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. पावलं आली, सावकाश, एक पाय किंचित ओढत. कडी निघाली.

तीच. उंच, सडपातळ, दोरीचा चष्मा, हातात अर्धी सोललेली वाटाण्याची शेंग. तिची नजर आधी माझ्यावर पडली, मी मागे होतो आणि उंच आहे म्हणून. तिने मला लगेच ओळखलं. "अगंबाई, तुम्ही? पुरावे न्यायला आलात की काय घरी?"

मी हात जोडले. माफी, चूक, नियम, असं काहीतरी पुटपुटलो, पण ती ऐकत नव्हती. तिने माझ्या पुढ्यात उभ्या असलेल्या, सहासष्ट वर्षांच्या, पांढऱ्या केसांच्या, घामाघूम बाईकडे बघितलं होतं. चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेंग हातातून पडली, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. मग तिची नजर खाली उतरली, हळूहळू, थेट पायांपर्यंत. दोन्ही पायांत चपला होत्या.

"मी पत्ता लिहून आले होते," अक्का म्हणाली. "तीन वर्षं झाली." आवाज तिने धाकट्या बहिणीला रागवायचा ठेवला होता. "चप्पल घालायला एवढा वेळ लागतो का गं?"

मीटरताईंनी भिंतीला हात टेकून आधी उजव्या पायातली चप्पल काढली, मग डाव्यातली. त्या झिजलेल्या जोडाशेजारी सरळ लावल्या, आणि आत गेल्या.